फौजेतून परतल्यावर क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

साताऱ्यात आणि शेजारच्या सांगलीत एकही फौजी घर नसलेले गाव शोधूनच काढावे लागेल; अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. त्यामुळे हिशेब, कर आणि कागदपत्रांच्या कामासाठी आमच्या कार्यालयात येणाऱ्यांमध्ये निवृत्त जवान आणि त्यांच्या घरची माणसे नेहमीच असतात. पेन्शन किंवा विवरणपत्राचे काम झाले की यांपैकी अनेकजण जरा थांबतात आणि आवाज खाली आणून नोकरीत असताना घेतलेल्या क्रेडिट कार्डाचा विषय काढतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. या विषयात आवाज खाली आणण्यासारखे काही नाही, हे आम्हाला सर्वप्रथम सांगायचे आहे.

कार्ड बहुतेकदा पगाराच्या खात्याबरोबरच मिळालेले असते. त्यावरचा पत्ता जुन्या युनिटचा असतो आणि मोबाईल क्रमांक त्या वेळच्या सिमचा असतो. पुढे पोस्टिंग बदलते, पुढच्या ठिकाणी कधी रेंज नसते, कधी फोन वापरण्यावर बंधन असते. सिम बंद पडते आणि बिले जुन्या पत्त्यावर किंवा कधीच न उघडलेल्या ईमेलवर जात राहतात. घरच्यांना कार्ड आहे हेच माहीत नसते. वर्षे उलटतात, जवान निवृत्त होऊन गावी येतो, ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात जमा होतात आणि त्याच सुमारास वसुलीचा पहिला फोन येतो.

खटाव तालुक्यातील एक निवृत्त हवालदार आमच्याकडे आले होते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेल्या आपल्या काळ्या ट्रंकेतून त्यांनी एक पाकीट आणले होते. त्यात मुदत संपलेले कार्ड, दोन जुनी बिले आणि मोबाईलवर आलेल्या एका नोटिशीची छापील प्रत होती. बहिणीच्या लग्नात कार्डावर ४० हजारांचा खर्च झाला होता आणि नोटिशीत दोन लाखांच्या वर रक्कम लिहिलेली होती. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे त्याच आठवड्यात भरून टाकायचा त्यांचा विचार होता. ‘फौजी माणसाने कुणाचे देणे ठेवू नये,’ असे ते म्हणाले. भावना खरी होती, परंतु नेमके देणे किती आहे हे तोपर्यंत कुणीच त्यांना लेखी दाखवलेले नव्हते. बँकेकडून महिनावार उतारा मागवल्यावर त्यात त्यांनी कधीच न मागितलेल्या विम्याचे हप्ते निघाले, त्यांवरचे व्याज निघाले, आणि पूर्वी भरलेली एक रक्कम जमा धरलेली नाही असेही दिसले. देणे होतेच, पण नोटिशीतल्या आकड्याएवढे नव्हते.

आमचा सल्ला या अनुभवावर उभा आहे : पूर्ण हिशेब लेखी हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नये, कशावरही सही करू नये, आणि फोन बंद करून लपूनही बसू नये.

४० हजारांचे दोन लाख कसे होतात

कार्डाचे व्याज महिन्यावर सांगितले जाते, म्हणून ते लहान वाटते. महिना साडेतीन टक्के म्हणजे नुसत्या बेरजेने वर्षाला ४२ टक्के. ४० हजारांवर पहिल्या महिन्याचे व्याज १,४०० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२ रुपये. समजा, ग्राहकाने त्या महिन्यात २,००० रुपये भरले, तर मूळ देण्यातून फक्त ३४८ रुपये कमी झाले. काहीच भरले नाही आणि हेच व्याज चक्रवाढीने चालत राहिले, तर एका वर्षात ४० हजारांचे ६० हजारांहून थोडे अधिक होतात आणि तीन वर्षांत सुमारे १ लाख ३८ हजार. यात विलंब शुल्क आणि जीएसटी धरलेला नाही. ‘किमान देय रक्कम’ भरत राहिलो म्हणजे कर्ज फिटत आहे, हा समज आम्हाला फार वेळा आढळतो. किमान रक्कम भरल्याने खाते थकीत होत नाही, एवढेच. आणि मागील बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे, असा एक संदेश मोबाईलवर अजूनही फिरतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निर्णय दिला होता हे खरे आहे, मात्र सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्या आधारावर बँकेशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा उताऱ्यातील शुल्कांकडे बारकाईने पाहावे, कारण न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज लावू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत बजावले आहे. न मागता दिलेले कार्ड किंवा संमतीशिवाय लावलेला विमा यांचीही तक्रार करता येते.

पहिले काम : कागद

सर्वप्रथम आपला क्रेडिट अहवाल, म्हणजे आपली कर्जे, कार्डे आणि त्यांच्या फेडीची नोंद, काढावा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर नेमकी किती कार्डे आहेत, शेवटचा हप्ता केव्हा भरला, आणि कर्ज आज बँकेकडेच आहे की एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले आहे, हे त्यातून समजते. त्यानंतर बँकेला लेखी अर्ज करून कार्ड सुरू झाल्यापासूनचा महिनावार उतारा, अर्जाच्या फॉर्मची प्रत आणि कर्ज विकले असल्यास हस्तांतराचे पत्र मागावे. अर्जात नवा पत्ता आणि नवा मोबाईल क्रमांक द्यावा आणि पोहोच घ्यावी. ‘मी हे देणे मान्य करतो’ अशा अर्थाचे वाक्य या अर्जात येऊ देऊ नये. ‘माहितीसाठी व पडताळणीसाठी’ एवढेच लिहावे. याचे कारण पुढे मुदतीच्या विषयात दिले आहे.

सैनिकाला कायद्याचे कोणते संरक्षण आहे

याबाबत गावात दोन टोकांची मते ऐकू येतात. फौजीला कोणी हात लावू शकत नाही असे काहीजण सांगतात, तर पेन्शन जप्त होऊन घरावर टाच येणार अशा भीतीने काहींची झोप उडते.

लष्कर कायदा, १९५० च्या कलम २८ नुसार सेवेत असलेल्या सैनिकाचे वेतन व भत्ते दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या (दाव्यातील निकालाच्या) वसुलीसाठी जप्त करता येत नाहीत आणि कलम २९ नुसार कर्जासाठी त्याला अटक करता येत नाही. हे संरक्षण सेवेपुरते आहे. निवृत्तीनंतर पेन्शन कायदा, १८७१ चे कलम ११ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० लागू पडते, आणि त्यांनुसार कर्जाच्या वसुलीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. मात्र ज्या बँकेचे कार्ड थकले आहे त्याच बँकेत पेन्शनचे खाते असेल तर प्रश्न निराळा होतो. कार्डाच्या करारात बहुधा असे कलम असते की बँक थकबाकी ग्राहकाच्या खात्यातील रकमेतून वळती करून घेऊ शकते. त्यावर वाद करता येतो, पण पैसे गेल्यावर वाद करण्यापेक्षा आधीच ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतून पेन्शनचे खाते दुसऱ्या बँकेत बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. चार वर्षांची सेवा संपवून येणाऱ्या अग्निवीरांनी तर सेवानिधीची रक्कम जमा होण्यापूर्वीच हे तपासावे, कारण त्यांच्या हातात दरमहा पेन्शन नसून ती एकच रक्कम असते.

आणखी एक जुना कायदा आहे, जो फार थोड्यांना माहीत असतो : भारतीय सैनिक (दावे) कायदा, १९२५. सैनिक विशेष किंवा युद्धपरिस्थितीत सेवेवर असताना त्याच्याविरुद्धचा दावा न्यायालयाने पुढे ढकलावा, अशी तरतूद त्यात आहे. सीमेवर असताना आपल्या गैरहजेरीत हुकूमनामा झाला असल्याचे आता कळले, तर हा कायदा वकिलांच्या नजरेस अवश्य आणावा.

तीन वर्षांच्या मुदतीबद्दल

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ‘पाच वर्षे झाली, आता कोण काय करणार’ हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो, पण हिशेब इतका सरळ नाही. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे लेखी मान्य करून सही केली, किंवा थोडीशी रक्कम भरून त्याची लेखी नोंद दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. मुदत संपून गेल्यावरही देणे फेडण्याचे लेखी व सही केलेले वचन दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक ठरते. वसुलीचा माणूस ‘फक्त ५०० रुपये टाका आणि इथे सही करा’ असा आग्रह का धरतो, हे यावरून लक्षात यावे. आणि वर सांगितलेल्या १९२५ च्या कायद्याची दुसरी बाजू अशी की, विशेष परिस्थितीतील सेवेचा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला जातो. ही वगळणूक दाव्यातील कोणताही पक्षकार सैनिक असला तरी लागू होते, म्हणजे बँकेलाही तिचा लाभ मिळू शकतो. म्हणून कॅलेंडर पाहून स्वतःच निष्कर्ष काढू नये.

शिवाय, मुदत संपली तरी क्रेडिट अहवालातील नोंद लगेच पुसली जात नाही. माजी सैनिकांसाठी सरकारी बँकांत जागा राखीव असतात, पण त्याच बँकांच्या भरतीत कार्डाची किंवा कर्जाची थकबाकी उमेदवाराच्या आड येते. दुसरी नोकरी किंवा घरकर्ज घ्यायचे असेल, तर खरे देणे मिटवणेच हिताचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. देणे आपले असेल तर ते फेडावे; पण ते तपासलेले देणे असावे.

तडजोड करताना

एकरकमी तडजोडीत बँक काही रक्कम सोडते. तडजोडीचे पत्र बँकेच्या लेटरहेडवर असावे. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख आणि ही रक्कम भरल्यावर काहीही देणे राहणार नाही हे स्पष्ट लिहिलेले असावे. पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पैसे थेट कार्डाच्या किंवा बँकेने लेखी कळवलेल्या खात्यात भरावेत, एजंटाच्या मोबाईल क्रमांकावर कधीही पाठवू नयेत. तडजोडीनंतर अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, तर पूर्ण रक्कम भरल्यास ‘क्लोज्ड’ अशी. पुढे कर्ज घ्यायचे असेल तर दुसरी नोंद निश्चितच बरी. तडजोड केल्यावर त्याच संस्थेकडून नवे कर्ज मिळण्यास किमान १२ महिने थांबावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

हप्त्यांसाठी पुढील तारखांचे चेक देऊ नयेत. कार्डाची थकबाकी हा दिवाणी स्वरूपाचा विषय आहे आणि केवळ पैसे थकले म्हणून तुरुंगवास होत नाही. परंतु दिलेला चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागू होऊन तोच विषय फौजदारी होतो. खासगी सावकाराकडून पैसे उचलून कार्ड फेडणे किंवा त्यासाठी जमीन गहाण टाकणे, हा मार्ग आम्ही कोणालाही सुचवत नाही. त्यापेक्षा पेन्शनवर मिळणाऱ्या कर्जाची चौकशी करावी. त्याचा व्याजदर कार्डापेक्षा बराच कमी असतो.

राष्ट्रीय लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही घेतली जातात. तेथे झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, म्हणून तिथली रक्कम आपल्याला खरोखर झेपणारी आहे का, हे आदल्या दिवशी घरी बसून ठरवून जावे. विधी साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. २६ जुलै २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘वीर परिवार सहाय्यता योजने’त सैनिकांच्या कुटुंबांना कायदेशीर मदत देण्याची व्यवस्था आहे.

वसुलीचे फोन

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणे, अपमान करणे, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना गाठणे यांनाही मनाई आहे. मोबाईलवर आलेल्या ‘अटक वॉरंट’च्या कागदाने घाबरू नये, पण न्यायालयाचे खरे समन्स आले तर ते मात्र कधीही दुर्लक्षू नये. फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. घरातील माणसांना या फोनची कल्पना आधीच द्यावी. पती किंवा वडिलांच्या कार्डासाठी पत्नी वा मुले, ती जामीन नसतील तर, व्यक्तिशः जबाबदार नसतात, हे त्यांनाही माहीत असावे.

पैसे भरून झाल्यावर

ना-देय दाखला घ्यावा आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बाकी नसताना बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर दिवसाला ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. दोन महिन्यांनी पुन्हा अहवाल पाहावा. नोंद चुकीची राहिली असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा आणि ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

आम्ही उतारा तपासतो, अर्ज आणि पत्रे लिहून देतो आणि गरज असेल तिथे वकिलांकडे पाठवतो. ग्राहकाच्या वतीने बँकेत भरण्यासाठी पैसे आम्ही स्वीकारत नाही आणि थकबाकी किती टक्क्यांनी कमी होईल याचे आश्वासनही देत नाही. येताना कार्ड किंवा त्याचा क्रमांक, सापडतील तेवढी जुनी बिले, पगाराच्या खात्याचे पासबुक, आलेल्या नोटिसा आणि कोणत्या काळात कोठे पोस्टिंग होते याची साधी यादी आणावी. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन अदा करण्याचा आदेश) यांच्या छायाप्रती पुरेशा आहेत. मूळ कागद घरीच ठेवावेत. पत्नीला किंवा घरातील जाणत्या माणसाला बरोबर आणले तर अधिक बरे.