वृद्धाश्रमातील ज्येष्ठांनी पूर्वी वापरलेल्या साधनांची नोंद आणि वयोश्री योजनेचा अर्ज

कोल्हापूर शहरातील व तालुक्यांतील वृद्धाश्रमांत दाखल होणाऱ्या ज्येष्ठांचे आधार कार्ड, फोटो आणि औषधांची यादी प्रवेशाच्या दिवशीच फाइलला लागते. परंतु ती व्यक्ती येथे येण्यापूर्वी काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची यांपैकी काय वापरत होती, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेले नसते. साहित्यासाठी शासकीय योजनेत अर्ज करावयाचा झाला की नेमकी हीच माहिती लागते. ती उपलब्ध नसेल तर वॉकर घेऊन चालू शकणाऱ्या आजींना सोयीसाठी खुर्चीत बसवले जाते आणि त्यांचे चालणे कायमचे सुटते. म्हणून अर्जाआधी नोंदीचे सांगणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये भरल्या जाणाऱ्या मूल्यमापन पत्रकात यासाठी स्वतंत्र रकाना आहे. त्यात हाताने चालवायची व्हीलचेअर, मोटरची व्हीलचेअर अथवा स्कूटर, रुग्णाला उचलण्याचे यंत्र, वॉकर, कृत्रिम अवयव व आधारपट्टे, किंवा यांपैकी काहीही नाही, असे पर्याय असून, सध्याचा आजार किंवा दुखापत होण्याच्या लगेच आधीचा वापर विचारलेला असतो. साधी काठी त्या यादीत नाही. आपल्याकडे मात्र काठीपासूनच सुरुवात करावी लागेल. पण 'आजारापूर्वी काय वापरत होता' ही त्यांची कसोटी जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतर रुग्णालयात दिलेला वॉकर हा पूर्वीचा वापर नव्हे. पडण्याच्या आदल्या आठवड्यात त्या आजी कशाच्या आधाराने चालत होत्या, हे लिहायचे असते.

ही माहिती मिळवताना प्रश्न कसा विचारला जातो, याला फार महत्त्व आहे. 'काठी वापरत होता का?' असे विचारले तर अनेक आजोबा सरळ नाही म्हणतात, कारण पावसाळाभर टेकत नेलेली छत्री त्यांच्या लेखी काठी नसते. त्याऐवजी, 'आजी, अंबाबाईच्या दर्शनाला कशा जात होता? पायऱ्या चढताना कुणाचा हात धरत होता का?' असे विचारले की खरे चित्र कळते. नातेवाइकांना स्वतंत्रपणे विचारावे, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड पाहावे, आणि सोबत आणलेले साधन प्रत्यक्ष हातात घेऊन तपासावे. काठीच्या टोकाचे रबर एका बाजूने झिजून आतली नळी दिसू लागली असेल, किंवा मुठीवर गुंडाळलेली कापडी पट्टी घामाने काळी पडली असेल, तर ती काठी रोजच्या वापरातील होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

नोंदीत साधनाचा प्रकार, ते घरात वापरले जात होते की फक्त बाहेर, अंदाजे कधीपासून, ते कोणाकडून मिळाले, त्याची आजची अवस्था आणि माहिती कोणी दिली, एवढे असावे. मुलगा एक सांगतो आणि आजी दुसरेच सांगतात, तेव्हा दोघांचेही म्हणणे नावानिशी लिहावे. माहिती मिळाली नसेल तर 'माहिती मिळाली नाही' असेच लिहावे. तेथे 'नाही' लिहिणे चूक आहे, कारण पुढे तेच वाक्य पुरावा म्हणून वाचले जाते. खाली तारीख व लिहिणाऱ्याची सही घ्यावी.

आता योजनेकडे वळू. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, ३१ डिसेंबर २०२३ अखेर वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा व कमरेचा पट्टा, मानेची कॉलर अशी साधने त्यातून घेता येतात. आधार कार्ड, मतदान ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि स्वयंघोषणापत्र ही कागदपत्रे जोडावयाची असतात.

या स्वयंघोषणापत्रातच पूर्वीच्या वापराचा प्रश्न येतो. मागील तीन वर्षांत तेच उपकरण शासनाकडून, शासकीय उपक्रमाकडून किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेकडून मोफत मिळालेले नाही, असे अर्जदाराने लिहून द्यायचे असते. मात्र आधीचे साधन सदोष किंवा निकामी झाले असल्यास अपवाद म्हणून बदलून घेता येते. त्यामुळे तालुक्यातील साहित्य वाटप शिबिरात मिळालेला वॉकर मोडून पडला असेल तर ते लपवू नये. मोडलेल्या वॉकरचा फोटो आणि नोंदीची प्रत अर्जासोबत द्यावी. खोट्या घोषणापत्राचा त्रास शेवटी त्या वृद्ध व्यक्तीलाच होतो, आणि ते अजिबात योग्य नाही.

चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सहायक साधने देणारी केंद्राची एडिप योजना आहे. तिच्यातही तीन वर्षांची अट आहे, आणि ती अधिक कडक आहे, कारण त्या काळात त्याच कारणासाठी कोणाकडूनही मदत मिळालेली नसावी लागते. म्हणजे गल्लीतील तरुण मंडळाने दिलेल्या खुर्चीमुळे वयोश्रीत अडचण येत नाही, पण एडिपमध्ये ती येऊ शकते. साधन कोणाकडून मिळाले हा रकाना याचसाठी हवा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या शासकीय रुग्णालयात तपासणीनंतर मिळते.

वयोश्रीचा अर्ज विचारे माळ येथील सामाजिक न्याय भवनातील सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयाकडे द्यावयाचा असून, अर्ज स्वीकारण्याची मुदत तेथे आधी विचारून घ्यावी. चंदगड किंवा गगनबावड्याहून आलेल्या ज्येष्ठाच्या आधार कार्डावर गावचाच पत्ता असतो, म्हणून वृद्धाश्रमाने निवासाचा दाखला लेटरहेडवर सोबत द्यावा. खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे बँकेत आधीच पाहावे. रक्कम जमा झाल्यावर साधन विकत घेऊन त्याचे बिल तीस दिवसांच्या आत सादर करावे लागते, अन्यथा ती रक्कम वसूल होऊ शकते. बिल अर्जदाराच्याच नावाने करून घ्यावे, वृद्धाश्रमाच्या नावाने नव्हे, आणि त्याची एक प्रत मूळ नोंदीच्या मागे लावावी.