उठून धावणं आणि उठवून धावणं

आमच्याकडची शिवजयंती वैशाखातली. बेळगावात चित्ररथ निघतात आणि गावागावांत शर्यती होतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वळीव असा झोडपून गेला की सकाळी लाल मातीचा रस्ता साबण लावल्यासारखा झाला होता. देवळापासून तिकटीपर्यंत, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथवर, जायचं आणि परत यायचं, सगळं मिळून तीनेक किलोमीटर. मी तिकटीला शिट्टी घेऊन उभा होतो. वळताना पुढच्या घोळक्यात पाय अडकले आणि माझ्यासमोर दोघं आडवे झाले. त्यातला दहावीतला पोरगा चेंडू उसळावा तसा उठला आणि सुटला. दुसऱ्याला उठता येईना. मागून येणारा एक जण थांबला, काखेत हात घालून त्याला उभा केला, "पळतोस न्हवं?" असं विचारलं, त्याची मान हलल्यावर मगच स्वतः पळाला.

दहावीतला पहिला आला. थांबलेला सहावा.

बक्षिसाच्या वेळी माईक माझ्या हातात आला. जिंकलेल्याचा गुडघा फुटला होता, रक्तात मुरमाचे बारीक खडे रुतले होते, आणि त्याची आई पदराचं टोक ओलं करून ते एकेक खडे काढत होती. ते बघून मला भरून आलं. मी म्हणालो, "याला म्हणतात खिलाडूवृत्ती!" टाळ्या पडल्या, ढाल दिली, फोटो झाला.

खाली उतरलो तर तालमीतले म्हातारे वस्ताद खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "मास्तर, त्येनं कुणाचं काय केलं? आपण पडला, आपण उठला. चांगलं केलं की. पण खिलाडू हुतंय ते कुणासंगं? रस्त्यासंगं?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं ते असं की म्हातारा बरोबर आहे आणि मी गेली वीस वर्षं हा शब्द चुकीच्या जागी वापरतोय. मी दाखवली ती जिद्द होती. पडलेल्या भातानं वळीव सरल्यावर पुन्हा मान वर काढावी, तशी उभारी. खिलाडूवृत्ती तिकटीवर होती आणि ती बघणारा, शिट्टी तोंडात धरलेला, मीच होतो.

दोन्ही ओळखायची एक सोपी खूण आहे. धावणारा एकटाच आहे, बाजूला कुणी नाही, असं समजा. तरीही जे शिल्लक राहतं ती जिद्द. जे नाहीसं होतं ती खिलाडूवृत्ती, कारण तिला समोर दुसरा माणूस लागतो: कधी पडलेला, कधी जिंकलेला, कधी आपल्याला पाडणारासुद्धा.

गल्लत होते त्याला आमच्या भागात एक खास कारण आहे, असं मला वाटतं. आम्ही आखाड्याकाठची माणसं. कुस्तीत या दोन गोष्टींच्या वेळा वेगळ्या असतात. पाठ मातीला लागेपर्यंत कारभार जिद्दीचा. पाठ लागली की निकाल झाला, आणि तिथून पुढे खिलाडूवृत्तीची पाळी: जिंकलेला हात देतो, हरलेला तो घेतो, दोघं मिठी मारतात. एक संपते तिथं दुसरी सुरू होते. शिवाय पडण्याचे आमचे शब्द बघा: चीतपट झाला, अस्मान बघितलं, धूळ चाखली, माती खाल्ली. सगळे हरण्याचे. पळण्याच्या शर्यतीत मात्र पडणं हा निकाल नसतो. घड्याळ चालूच असतं. पडलेल्यानं उठायचं की नाही आणि शेजारच्यानं थांबायचं की नाही, हे दोन्ही प्रश्न त्याच दोन-तीन सेकंदांत उभे राहतात. बघणाऱ्याच्या डोळ्यांत ते एकमेकांवर चढतात.

निव्वळ जिद्द बघायची तर लासे विरेन बघा. म्युनिक ऑलिंपिक, ३ सप्टेंबर १९७२, १०,००० मीटरची अंतिम शर्यत. पंचवीस फेऱ्यांची शर्यत, आणि बाराव्या फेरीत हा फिनलंडचा पोलीस शिपाई अडखळून पडला. ट्युनिशियाचा मोहम्मद गम्मूदी त्याच्या अंगावरून कोलमडला. विरेन उठला. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की त्यानं घाई केली नाही. दात-ओठ खाऊन एका दमात गाठायला गेला असता तर शेवटच्या फेऱ्यांना पाय उरले नसते. थोडं थोडं करत तो घोळक्याला चिकटला, पुढे गेला आणि २७ मिनिटं ३८.४ सेकंदांत जिंकला. विश्वविक्रम! पडून उठून विश्वविक्रम.

यात खिलाडूवृत्ती किती? शून्य. आणि त्यात काही वावगं नाही. त्यानं कुणाशी वाईट केलं नाही, चांगलं करायची वेळही त्याच्यावर आली नाही. मो फारा २०१६ साली रिओत याच अंतराच्या शर्यतीत दहाव्या फेरीत पडला, तोही सराव-जोडीदार गेलन रपचा पाय लागून, आणि तरी सोनं घेऊन गेला. सिफान हसन २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत शेवटच्या फेरीच्या तोंडाशी पडली, उठून सगळ्यांना मागे टाकत पहिली आली आणि त्याच संध्याकाळी ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकली. सगळी जिद्दीचीच उदाहरणं.

गम्मूदीचं काय झालं? तो थोडं धावला आणि त्यानं शर्यत सोडली. आमच्या मंचावर असता तर त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नसती. पण त्याच ऑलिंपिकमध्ये काही दिवसांनी ५००० मीटरमध्ये तो रौप्यपदक घेऊन उभा होता. उभारी त्याच शर्यतीत धरायला हवी, असा कुठं कायदा आहे?

आता दुसरी बाजू, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट मला वस्तादांना सांगायची होती.

मार्च १९५६, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेतली एक मैलाची शर्यत. जॉन लँडी तेव्हा जगातला सर्वांत वेगवान मैल-धावक. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा जगातला दुसरा माणूस. लोक विक्रम बघायला आले होते. तिसऱ्या फेरीत पुढे पळणारा एकोणीस वर्षांचा रॉन क्लार्क पडला. मागून येणाऱ्या लँडीनं त्याच्यावरून उडी घेतली, पण बुटाचे खिळे क्लार्कच्या हाताला लागले. लँडी थांबला. नुसता थांबला नाही, उलटा फिरला. पोराजवळ गेला, बरा आहे ना बघितलं. बाकीचे पुढे निघून गेले. मग हा वळला, एकेकाला गाठत गेला आणि ४ मिनिटं ४.२ सेकंदांत जिंकला.

या एका शर्यतीत दोन्ही गोष्टी आहेत, पण त्यांच्या मधोमध रेघ मारता येते. लँडी मागं वळला ती खिलाडूवृत्ती. पुन्हा पुढं वळला ती जिद्द. पहिली झाली तेव्हा दुसरीची खात्री नव्हती, हे महत्त्वाचं. आपण जिंकणारच आहोत असं ठाऊक असून मागं फिरणं वेगळं. मेलबर्नमध्ये या प्रसंगाचा पुतळा उभारला आहे, आणि त्यात लँडी फीत तोडताना नाही, तर खाली पडलेल्या क्लार्ककडे वाकलेला आहे.

आणि गंमत बघा: सोळा वर्षांनी म्युनिकला विरेननं पडून उठून १०,००० मीटरचा जो विक्रम मोडला तो होता याच रॉन क्लार्कचा, १९६५ साली ओस्लोत केलेला. एका पडण्यातून उठवलेला पोरगा विक्रमवीर झाला आणि त्याचा विक्रम दुसऱ्या पडण्यातून उठलेल्यानं मोडला.

एक असली आणि दुसरी नसली तर काय होतं, त्यासाठी १९८४ चं लॉस एंजेलिस. महिलांची ३००० मीटर. अमेरिकेची मेरी डेकर घरच्या मैदानावर आणि शेजारी अनवाणी धावणारी अठरा वर्षांची झोला बड. दोघींचे पाय अडकले, डेकर आतल्या गवतावर पडली आणि रडत तिथंच राहिली. बड धावत राहिली, पण स्टेडियमभर तिच्या नावानं हुर्यो चालू झाली होती. शेवटी ती सातवी आली. नंतर माफी मागायला गेली तर डेकरनं झिडकारलं. आधी बडला बाद ठरवलं होतं, चित्रफीत बघितल्यावर पंचांनी तो निर्णय फिरवला. डेकरमध्ये जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? पुढच्याच वर्षी झ्युरिकला तिनं एक मैलाचा विश्वविक्रम केला, ४ मिनिटं १६.७१ सेकंद, आणि मागे राहिलेल्यांत बडही होती. उभारी शंभर नंबरी. त्या दिवशी कमी पडली ती दुसरी गोष्ट. तरी मी डेकरला फार बोल लावत नाही. आयुष्यभराची तयारी गवतावर सांडल्यावर दोन मिनिटांत मन मोठं करणं मला तरी जमलं नसतं.

रिओतली निकी हॅम्बलिन आणि ॲबी डॅगोस्टिनो यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. ५००० मीटरच्या प्राथमिक फेरीत दोघी पडल्या. अमेरिकेच्या डॅगोस्टिनोनं आधी न्यूझीलंडच्या हॅम्बलिनला उठवलं. मग स्वतःचाच गुडघा दगा देतोय हे तिला कळलं, तेव्हा हॅम्बलिन तिच्यासाठी थांबली. दोघींनी शर्यत पूर्ण केली, दोघींना अंतिम फेरीत जागा मिळाली, पण डॅगोस्टिनोचा अस्थिबंध फाटला होता, ती धावू शकली नाही. इथं मी मास्तर म्हणून एक कडू गोष्ट सांगतो. तिनं हॅम्बलिनला उठवलं त्याला माझा साष्टांग दंडवत. फाटक्या गुडघ्यावर उरलेल्या फेऱ्या धावली, ते माझ्या पोरांनी करू नये. पाय साथ देत नसेल तर बसावं. अविनाश साबळे, आपल्या बीडचा, २०२५ च्या जुलैत मोनॅकोला स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, पडला, गुडघा दुखावला आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. त्यानं शर्यत सोडली म्हणून तो कमी जिद्दीचा झाला काय?

साबळेचीच आणखी एक गोष्ट, नियमाच्या अंगानं. २०१९, दोहातली जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत पुढचे पडले, हा त्यांच्यात अडकला, लय तुटली. तरी रेटून ८ मिनिटं २५.२३ सेकंदांत आला. राष्ट्रीय विक्रम, पण क्रमांक सातवा. भारतानं दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तिथं त्यानं आणखी सुधारून ८ मिनिटं २१.३७ दिली. नियम असा आहे की दुसऱ्यामुळे अडथळा आला तर पंच धावपटूला पुढच्या फेरीत घेऊ शकतात, पण साधारणपणे त्यानं शर्यत मनापासून पूर्ण केलेली असावी लागते. म्हणजे जिद्दीला नियमपुस्तकात मोल आहे.

खिलाडूवृत्तीला नियमानं फक्त वाट मोकळी ठेवली आहे, तीही अरुंद. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उभं करायला परवानगी. त्याला आधार देऊन पुढे नेलं तर मदत घेणारा बाद. त्याच दोहात ५००० मीटरला गिनी-बिसावच्या ब्राइमा दाबोनं कोसळू लागलेल्या जोनाथन बस्बीला कवेत धरून अंतिम रेषेपर्यंत आणलं. सगळं मैदान उभं राहिलं. बस्बी बाद झाला. आमच्या तिकटीवरच्या पोरानं काखेत हात घालून उभं केलं आणि सोडून दिलं. नियम ठाऊक नसताना नेमकं नियमातलं केलं!

एक खोच राहिली. त्याच टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या उपांत्य फेरीत आयझाया ज्युवेट आणि बोत्स्वानाचा नायजेल एमॉस पडले, एकमेकांना हात देऊन उठले, जोडीनं शेवटी आले. तो फोटो जगभर गेला. पुढच्याच वर्षी एमॉस उत्तेजक चाचणीत सापडला आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. मग तो हात खोटा होता का? मला नाही वाटत. खिलाडूवृत्ती ही त्या क्षणाची असते. ती माणसाचं कॅरॅक्टर सर्टिफिकेट नव्हे.

आता रोज पहाटेचं सांगतो. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे आमच्या पोरांच्या डोक्यात भरती. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आले तर पूर्ण गुण. घोळक्यात सुटतात, कोपरं लागतात, कुणीतरी पडतंच. मी त्यांना आता दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकवतो. पडलात तर हात छातीशी, कुशीवर लोळा, मागच्याचं अंग चुकवा, उठा आणि पहिली शंभर पावलं सावकाश टाका, विरेनसारखी. ही झाली एक. दुसरी शिकवता येत नाही, म्हणून लँडीची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो.

परवा सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एक जण ठेचकाळला. मागचा त्याच्यावरून उडी मारून गेला, चार पावलांवर थांबला, वळून बघितलं. पडलेला ओरडला, "जा की बे, काय बघूलास!" तो गेला. माझ्या घड्याळात ५ मिनिटं ३४ आली. वहीत नाव, तारीख आणि वेळ एवढेच रकाने आहेत. ५:३४ लिहिलं.