तिप्पट कॅल्शियम, पण कशाच्या मापाने?

‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असतं’ हा मजकूर कधी ना कधी प्रत्येकाच्या मोबाइलवर आलेला असतो. आकडा खरा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे, तर गाईच्या दुधात ११८. पण एवढ्या भरवशावर कुणी मुलाचं दूध बंद करून नाचणीची बिस्किटं सुरू केली, तर त्या मुलाचं नुकसानच होईल.

तक्त्यातली नाचणी कोरडी असते आणि दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. त्यामुळे १०० ग्रॅमला १०० ग्रॅम लावून ही तुलना होतच नाही. ती ताटात काय पडतं यावरून करायला हवी. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे कॅल्शियम झालं १८० मिलिग्रॅम. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून २४० च्या आसपास मिळतं. तिप्पट तर नाहीच, उलट दूधच थोडं पुढे आहे. शिवाय दुधातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० टक्के शरीर शोषून घेतं. नाचणीच्या टरफलात फायटिक आम्ल असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून तिथलं प्रमाण त्याहून कमी भरतं.

याचा अर्थ नाचणी फुकाची वाखाणली जाते असा मुळीच नाही. तिची तुलना दुधाशी न करता इतर धान्यांशी करून पाहा. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम ७ मिलिग्रॅम, ज्वारीत आणि बाजरीत २७-२८, गव्हाच्या पिठात ३१. या रांगेत ३६४ हा आकडा खरोखर थक्क करणारा आहे. ज्या घरात रोज दूध परवडत नाही, तिथे भाताऐवजी दिवसातून एकदा नाचणीची भाकरी किंवा आंबील असणं ही फार मोठी गोष्ट आहे. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर नाचणी, नाशिककडे तिला नागली म्हणतात, पिढ्यान् पिढ्या पिकते आहे. आंबवल्याने किंवा मोड आणल्याने फायटिक आम्ल बरंच मोडतं, त्यामुळे आंबील ही केवळ उन्हाळ्यातली चैन नव्हे. फक्त एक काळजी घ्यावी. बाळासाठी सत्त्व करताना वाटलेली नाचणी फडक्यातून गाळून चोथा टाकून देतात. कॅल्शियमचा मोठा वाटा टरफलातच असल्याने तो चोथ्याबरोबर जातो. सहा महिन्यांच्या बाळाला गाळलेलं सत्त्व पचायला सोपं, हे खरं. मूल मोठं झालं की मात्र मोड आणून, वाळवून दळलेलं अख्ख्या नाचणीचं पीठच बरं.

बिस्किटांबद्दल थोडक्यात सांगते. पुडक्याच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा आणि साखर नाचणीच्या आधी आली असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट समजावं.

असाच घोळ पोळी आणि भाकरीच्या बाबतीत होतो. ‘पोळी सोडली, ज्वारीची भाकरी धरली, आता वजन उतरेल’ असं ऐकू येतं. १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ किलोकॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठात ३२०. तंतूंचं (फायबरचं) प्रमाण ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर कोंड्यासकट दळलेल्या कणकेत ११ च्या वर. फार फरक नाही. त्यात एका जाड भाकरीच्या पिठात दोन लहान फुलके आरामात होतात, म्हणजे ‘एक पोळी’ आणि ‘एक भाकरी’ ही तुलनाच चुकते. ज्यांना ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, चालत नाही त्यांच्यासाठी ज्वारी वरदान आहे. भाकरीला तेल लागत नाही हाही फायदाच. पण गव्हाशी वैर धरण्याचं कारण नाही. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकला जातो, खरा तोटा तिथे होतो. मैद्यात तर तंतू ३ ग्रॅमही उरत नाहीत.

लोहाचा प्रश्न याहून गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून इथे बाजरीकडे जरा लक्ष देऊन पाहायला हवं. तांदळात १०० ग्रॅमला ०.६५ मिलिग्रॅम लोह असतं, तर बाजरीत ६.४, जवळजवळ दहापट. मात्र धान्यातलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. स्त्रियांची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते, ती हे शोषण कमी होतं हे गृहीत धरूनच. जेवणाबरोबर चहा घेतला, तर त्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, हे शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतात. क जीवनसत्त्व नेमकं उलट काम करतं. बाजरीच्या भाकरीबरोबर मोडाची उसळ आणि तिच्यावर ताटात पिळलेलं लिंबू असलं की तेच लोह जास्त अंगी लागतं. लिंबू ताटातच पिळायचं, कारण उकळत्या उसळीत क जीवनसत्त्व नष्ट होत जातं. जेवणानंतर एक पेरू खाल्ला तरी चालेल, त्यात संत्र्याच्या चौपटीहून अधिक क जीवनसत्त्व असतं. चहा तासाभराने घ्यावा.

बाजरीचं लोह खरंच रक्तात पोहोचतं का, याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली आहे. ‘धनशक्ती’ हे जास्त लोह असलेलं बाजरीचं वाण इथे लागवडीसाठी आलं. ते जनुकांत फेरफार करून नव्हे, तर निवड पद्धतीने, म्हणजे जास्त लोहाची रोपं निवडत जाऊन, तयार केलेलं आहे. राज्यातल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिवसातून दोनदा दिली गेली, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची. २०१५ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार महिन्यांतच पहिल्या गटातल्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढलेला दिसला. सहा महिन्यांनंतर, ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ती दूर होण्याची शक्यता पहिल्या गटात सुमारे १.६ पट होती. ही मुलं गोळ्या घेत नव्हती, भाकरी खात होती. म्हणूनच मला वाटतं की शाळेतल्या दुपारच्या जेवणात आणि रेशनवर हीच बाजरी, पेरणाऱ्याला परवडेल अशा भावाने, आग्रहाने यायला हवी.