1865 ची मुंबई : पेढ्या बुडवल्या कोणी, कापसाने की उधारीने?

मंदी आली की धंदे बंद पडतात, हे खरं. पण एकाच बाजारात एक पेढी बुडते आणि शेजारची तरते, ते का? याचं उत्तर शोधायला मुंबईच्या 1865 च्या दिवाळखोरीइतकं चांगलं उदाहरण नाही.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी हिंदुस्थानकडे वळल्या. कापसाचे भाव काही पटींनी चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो जिरवायला पुरेसे उद्योग शहरात नव्हते, म्हणून कंपन्याच काढल्या गेल्या. 1865 च्या सुमारास शहरात 31 बँका झाल्या होत्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या वेगळ्याच. यांतल्या बॅक बे कंपनीच्या 5,000 रुपये भरलेल्या शेअरचा भाव 50,000 च्या घरात गेला. जमीन तेव्हा पाण्याखालीच होती!

खरी मेख तारणात होती. 1840 ची बँक ऑफ बॉम्बे भांडवलात सरकारचाही वाटा असलेली, जपून चालणारी. 1863 च्या नव्या कायद्याने तिच्यावरचे निर्बंध सैल झाले आणि ती शेअर तारण घेऊन कर्ज देऊ लागली. त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, तेही पुन्हा गहाण टाकायचे. या खेळाचे सूत्रधार कापूस आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवरला ज्यांच्या आईचं नाव आहे, तेच हे.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, यादवी संपत आली आणि कापूस कोसळला. मात्र कापूस उतरला म्हणून सगळे बुडाले, हे मला अर्धंच उत्तर वाटतं. 1 जुलै 1865 ही वायद्यांचा, म्हणजे पैसे पुढे देण्याच्या बोलीवर केलेल्या शेअरच्या सौद्यांचा, हिशोब चुकता करायची तारीख होती. त्या दिवशी अ ने ब ला द्यायचे आणि ब ने क ला, पण रोकड कोणाकडेच नाही. त्यामुळे ज्यांचा धंदा चांगला चालला होता, तेही दुसऱ्याच्या थकबाकीत अडकले. नादारांची, म्हणजे दिवाळं निघालेल्यांची, संख्या इतकी वाढली की सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

टाटांच्या पेढीलाही तडाखा बसला. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. पेढीकडे ज्यांचं येणं होतं त्यांच्यापासून त्यांनी काही लपवलं नाही, तेव्हा त्यांच्याच पेढीचा हिशोब मिटवण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं गेलं. पुढे ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियातल्या) ब्रिटिश मोहिमेतल्या फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटाने घराणं सावरलं. पत टिकली होती आणि नवं काम वेळेत मिळालं, दोन्ही जुळून आलं. असं नशीब थोड्यांचं.

मे 1866 मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली. पाठोपाठ हिंदुस्थानात मोठा व्यवहार असलेल्या आग्रा बँकेला दारं लावावी लागली. बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी नवी उभी राहिली; 1921 मध्ये ती इंपिरियल बँकेत विलीन झाली, म्हणजे आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वजांपैकी ती एक.

या पडझडीत काम गेलेल्या मजुरांची नोंद मात्र पेढ्यांच्या वह्यांत सापडत नाही. ती खानेसुमारीत शोधावी लागते : 1864 मध्ये मुंबईची वस्ती 8,16,562 होती, 1872 मध्ये 6,44,405.