पार्श्वभूमी: बार्बेक्यूचा कोळसा, लाकडी की दगडी?

आगीवर मांस भाजण्याचा प्राचीन इतिहास सोडून देऊ. आज बार्बेक्यूसाठी पाकिटातून मिळणाऱ्या ब्रिकेटचं, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वडीचं, पेटंट अमेरिकेत १८९७ मध्ये निघालं. पण तिचा खप वाढवला मोटारींनी. १९२०च्या दशकात गाड्यांच्या सांगाड्याला लाकूड भरपूर लागे. मिशिगनमधल्या एका मोटार कंपनीच्या लाकूडगिरणीत भुसा आणि ढलप्या साचू लागल्या, तेव्हा त्यांचा कोळसा करून वड्या पाडल्या गेल्या आणि त्या चक्क गाड्यांच्या दुकानांतून विकल्या. १९५०च्या दशकात झाकणाची गोल शेगडी अंगणात आली आणि वडीची चलती झाली.

खरा घोळ ‘कोळसा’ या शब्दाचा आहे. मराठीत लाकूड कमी हवेत जाळून केलेला तो लोणारी किंवा लाकडी कोळसा, आणि खाणीतला तो दगडी. पाकीट हातात घेणारा लाकडीच गृहीत धरतो. पण कित्येक वड्यांमध्ये दगडी कोळशाची पूडही असते. शिवाय बांधणीला स्टार्च आणि राख पांढरी दिसावी म्हणून चुनखडी. गंमत अशी, की ‘वड्या पांढऱ्या झाल्या की भाजायला घ्या’ हा सल्ला सगळे देतात, आणि तो पांढरेपणा थोडाफार कारखान्यातूनच आलेला असतो. युरोपीय मानकात अखंड लाकडी कोळशाला जास्तीत जास्त ८ टक्के राख चालते, वडीला १८ टक्के. वडीची आच एकसारखी आणि जास्त वेळ टिकते, हे मान्य. तरी पाकिटावर आत काय आहे ते लिहायला काय हरकत आहे?

पेटवण्याच्या द्रवावरूनही वाद झाला. त्याच्या वाफांनी हवा बिघडते म्हणून लॉस एंजेलिसच्या परिसरात १९९० मध्ये त्यावर मर्यादा आली. पत्र्याच्या नळकांड्यात खाली कागद आणि वर कोळसा रचला, की द्रवाची गरजच उरत नाही.

गॅस १९६०च्या दशकात आला. त्यावर चव येत नाही ही तक्रार अर्धीच खरी, कारण तापल्या पत्र्यावर चरबी ठिबकून उठणारा धूर गॅसवरही मिळतो. १९८०च्या दशकात लाकडाच्या गोळ्यांची शेगडी निघाली. तिचा कच्चा माल पुन्हा गिरणीतला भुसाच, फक्त गोळ्या आत सरकवायला वीज लागते.