हिमदृश्य (फ्रीड्रिखच्या चित्रांतील)

जर्मन स्वच्छंदतावादी (रोमँटिक) चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) याची हिवाळ्यातील एकांत हा मुख्य विषय असलेली निसर्गचित्रे. सतराव्या शतकातील डच हिमदृश्यांत गोठलेल्या कालव्यांवर माणसांची वर्दळ असे. फ्रीड्रिखच्या बर्फात माणूस असलाच तर पाठमोरा, लहानसा किंवा एकटा. ‘ओकवनातील मठ’ (१८०९–१०) या चित्रात शवपेटी वाहणारे संन्यासी आहेत, पण भग्न कमान आणि निष्पर्ण वृक्षांपुढे ते जेमतेम नजरेस पडतात. हे चित्र प्रशियाच्या राजाने विकत घेतले.

१८११ च्या सुमाराच्या दोन ‘हिवाळी निसर्गचित्रां’ची सर्वाधिक चर्चा झाली आहे. जर्मनीतील श्वेरीन येथील चित्रात तोडलेल्या बुंध्यांमध्ये कुबड्यांवर रेललेला एक माणूस दिसतो. त्याच्या जोडचित्रात कुबड्या बर्फात टाकलेल्या असून तो माणूस सूचिपर्णी वृक्षांतील क्रुसापुढे प्रार्थना करीत आहे. मागे धुक्यात गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचे) चर्च आहे. या जोडचित्राच्या दोन प्रती ज्ञात आहेत. जर्मनीतील डॉर्टमुंड शहरातील प्रत १९४० मध्ये उजेडात आली व दीर्घकाळ तीच मूळ मानली गेली. १९८२ मध्ये दुसरी प्रत सापडली; ती १९८७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने घेतली. सुमारे ३२.५ × ४५ सेंमी.च्या या चित्रातील धुके पांढऱ्या अस्तरावर पातळ रंगाच्या बारीक ठिपक्यांनी साधले आहे. त्यासाठी स्माल्ट, म्हणजे कोबाल्टयुक्त निळ्या काचेची पूड, वापरलेली आढळली. या तांत्रिक तपासणीनंतर लंडनची प्रत मूळ मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे आणि तोच अधिक सयुक्तिक वाटतो. डॉर्टमुंडची प्रत चित्रकाराने स्वतः केलेली पुनरावृत्ती की अन्य कोणाची नक्कल, याविषयी मतभेद आहेत.

कलेतिहासकार हेल्मुट ब्योर्श-झूपान यांनी या चित्रांचा धार्मिक रूपके म्हणून अर्थ लावला: सदाहरित वृक्ष म्हणजे श्रद्धा, चर्च म्हणजे परलोकाचे आश्वासन. उपर्युक्त जोडीला हा अर्थ चपखल लागू पडतो. ‘हिमसागर’ (१८२३–२४) मध्ये मात्र क्रूस नाही, प्रार्थना करणाराही नाही. बर्फाच्या उभ्या कपच्यांखाली जहाजाचा थोडा भाग तेवढा उरला आहे. १७८७ मध्ये बर्फाच्या दुर्घटनेत बुडून मरण पावलेल्या फ्रीड्रिखच्या भावाशी या चित्राचा संबंध जोडला जातो. तथापि एल्बे नदीवरील हिमखंडांचे फ्रीड्रिखने केलेले अभ्यास हा अधिक निश्चित आधार होय. चित्रकाराच्या हयातीत ‘हिमसागर’ विकले गेले नाही. सध्या ते हॅम्बुर्ग येथे आहे. ‘बर्फातील मठाचे स्मशान’ (सु. १८१७–१९) १९४५ मध्ये बर्लिन येथे नष्ट झाले.

उत्तरायुष्यात फ्रीड्रिखची कीर्ती ओसरली. १९०६ च्या बर्लिन येथील प्रदर्शनापासून त्याच्या चित्रांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.