‘निकामी’ या शब्दाचा घोळ आणि जमिनीत खोल रुतलेले बॉम्ब

निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची सप्टेंबर १९४८ ची कारवाई मराठवाड्यात मुख्यतः रस्त्यांवरून झाली. सोलापूरकडून निघालेल्या फौजेने पहिल्याच दिवशी, १३ तारखेला, नळदुर्ग घेतलं. विमानांचे बॉम्ब बीदर आणि वरंगळच्या, म्हणजे मराठवाड्याबाहेरच्या, धावपट्ट्यांवर पडले. तरी कुठे संशय आलाच, तर शोधायचं कसं?

पाया खणण्याआधी न फुटलेल्या बॉम्बचा खोलवर शोध घेण्याची विद्या घडली ती जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धात तिथे टाकलेल्या बॉम्बपैकी अंदाजे दहातला एक फुटलाच नाही. मऊ मातीत तो कित्येक मीटर आत जाई आणि शेवटी आडवा वळे, म्हणून वरच्या भोकाच्या बरोबर खाली सापडेलच असं नाही. सुरुवातीला जमिनीवरूनच चुंबकमापक, म्हणजे पुरलेलं लोखंड हुडकणारं यंत्र, फिरवत. पुढे युद्धकाळातले हवाई फोटो हाती आले आणि संशयाच्या जागी बोअर घेऊन नळीतून यंत्र खाली सोडायची पद्धत रुळली. ग्योटिंगेनला २०१० मध्ये क्रीडागृहाच्या बांधकामावर ७ मीटर खोल सापडलेला बॉम्ब फुटला आणि पथकातले तिघे गेले.

आपल्याकडे खरी गफलत शब्दात आहे. एक दिवस बातमी येते, ‘निकामी बॉम्ब सापडला’. दुसऱ्या दिवशी, ‘पथकाने बॉम्ब निकामी केला’. आधीच निकामी होता, तर पथकाने केलं काय? न फुटलेला बॉम्ब निकामी नसतो. काही बॉम्बच्या फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेत, ॲसिटोन या द्रावणाची कुपी असे. ती फुटली की ॲसिटोन खटका अडवून धरणाऱ्या सेल्युलॉइडच्या चकत्या विरघळवी आणि मग खटका सुटे. बॉम्ब मातीत उलटा, तोंड वर करून रुतला तर ॲसिटोन चकत्यांपर्यंत पोचत नाही. त्या मात्र वर्षागणिक ठिसूळ होतात आणि कधीही तुटून खटका सुटू शकतो. म्हणजे जुना होईल तसा बॉम्ब जास्त धोक्याचा. ‘निकामी’ वाचलेला जेसीबीवाला तो बकेटने बाजूला सारेल, या विचारानेच धडकी भरते. ‘न फुटलेला’ एवढंच लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

मराठवाड्यात आणखी एक अडचण, आपला काळा दगड. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय आहे. होकायंत्र एखाद्या धोंड्याला टेकवलं तर सुई ढळलेली दिसते. अशा जमिनीवर वरून फिरवलेल्या यंत्राला लोखंड कुठलं आणि खडक कुठला, हे सांगणं जड जातं. दिलासा एवढाच की खडक लागला की बॉम्बही तिथेच अडतो, म्हणून जिथे मुरूम-खडक वर आहे तिथे फार खोल जावं लागत नाही. गोदाकाठच्या जाड काळ्या मातीत तसं नाही. तिथे कुठे संशय असेल तर एक मीटर ड्रिल करायचं, थांबायचं, यंत्र सोडून खालचं वाचन घ्यायचं आणि मगच पुढचा मीटर.